रजिस्ट्री झाली, पण सातबारा का होत नाही? तुकडेबंदी कायदा समजून घेताना

गुंठा-दोन गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित करण्यासाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढला. तेव्हापासून मराठवाड्यातल्या तलाठी सज्जांत आणि रजिस्ट्री कार्यालयांच्या आवारात लोक एकच प्रश्न विचारत आहेत: आता आमच्या प्लॉटचा सातबारा होणार का? लातूरच्या रिंग रोडपलीकडे, नांदेडच्या वाढत्या वस्त्यांत, संभाजीनगरच्या पैठण रस्त्याला किंवा जालन्याच्या आसपास ज्यांनी शेतातला तुकडा घेऊन घर बांधले, त्यांतल्या अनेकांकडे खरेदीखत आहे, वीजमीटर आहे, घरपट्टीची पावतीही आहे. नाही तो फक्त सातबाऱ्यावर नावाचा उल्लेख. असे का होते, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या विषयात नेमके काय ठरवले आणि नव्या अध्यादेशाने कोणाचा प्रश्न सुटतो, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण अर्धवट माहितीवर आजही प्लॉट विकले जात आहेत.

तुकडा म्हणजे नेमका किती?

या विषयातला मूळ कायदा १९४७ चा आहे. जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि त्यांचे एकत्रीकरण करणारा हा अधिनियम बोलण्यात 'तुकडेबंदी कायदा' म्हणून ओळखला जातो. शेतीसाठी किमान किती जमीन एकसलग असावी, हे या कायद्याखाली शासन ठरवते आणि त्याला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. त्याहून लहान असलेली जमीन म्हणजे तुकडा. पूर्वी हे क्षेत्र ठिकठिकाणी वेगवेगळे होते आणि कित्येक भागांत ते एकराच्याही वर होते. ऑगस्ट २०२३ च्या राजपत्राने ते जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे ठरवले गेले. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आले.

एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा कोरडवाहू शिवारातली २० गुंठ्यांपेक्षा कमी जमीन वेगळी काढून विकायची झाली, तर हा कायदा आडवा येतो. कलम ७ नुसार आधीपासून अस्तित्वात असलेला तुकडा लगतच्या जमीनधारकालाच देता येतो, तर कलम ८ नुसार नवा तुकडा निर्माण होईल असे हस्तांतरण किंवा अशी वाटणी करता येत नाही. कलम ९ सर्वांत कडक आहे. या तरतुदींविरुद्ध केलेला व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो आणि अशा जमिनीवरील ताबेदाराला हटवण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांना मिळतो.

जमीन माझी, मग ती विकायला बंधन का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. कायदा झाला तेव्हा पिढी दर पिढी वाटण्या होऊन शेते इतकी लहान होत चालली होती की औत फिरवायला जागा उरत नव्हती, बांधांतच जमीन जात होती आणि विहिरीचा खर्च एकट्याला पेलत नव्हता. तुकडे थांबवण्यामागे शेती टिकवण्याचा हेतू होता. मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त भागात तो हेतू आजही कालबाह्य झाला आहे, असे मला वाटत नाही.

मात्र मधल्या काळात परिस्थितीच बदलली. आज गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याला तिथे ज्वारी पेरायची नसते. मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आलेल्या कास्तकाराला, एसटीच्या चालकाला, शाळेतल्या शिक्षकाला डोक्यावर छप्पर हवे असते. मंजूर ले-आउटमधला, म्हणजे अधिकृत रेखांकनातला प्लॉट परवडत नाही, म्हणून तो शेतातला तुकडा घेतो. शेतीसाठी केलेल्या कायद्याची गाठ अशा रीतीने घराच्या गरजेशी पडली आहे. या बदलाची दखल कायद्याने काही प्रमाणात घेतलीही. महापालिका आणि नगरपालिका हद्दीतल्या, तसेच प्रादेशिक योजनेत रहिवासी, व्यापारी किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना कलम ८-ब ने सूट दिली. परंतु ही सूट आपल्या जमिनीला लागू आहे की नाही, हे सामान्य माणसाला कोणी सांगत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

२०२१ चे परिपत्रक आणि खंडपीठाचा निकाल

१२ जुलै २०२१ रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी एक परिपत्रक काढले. एखाद्या गटातले एक-दोन गुंठे विकत घ्यायचे असतील, तर त्या गटाचा ले-आउट करून त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, त्याशिवाय दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवू नये, असा त्याचा आशय होता. आधी घेतलेला तुकडा पुढे विकायचा असेल, तर त्यालाही परवानगी लागणार होती. ज्या तुकड्याच्या हद्दी भूमी अभिलेख विभागाने निश्चित करून वेगळा नकाशा दिला आहे, त्याला मात्र ही अट नव्हती.

या परिपत्रकाने खरेदी-विक्री जवळजवळ ठप्प झाली. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि ५ मे २०२२ रोजी खंडपीठाने हे परिपत्रक, तसेच ते ज्याच्या आधारावर उभे होते तो महाराष्ट्र नोंदणी नियमांतला नियम ४४(१)(आय) रद्द ठरवला. कायद्याने मनाई केलेला व्यवहार आहे का, हे नोंदणी अधिकाऱ्याने तपासावे आणि आवश्यक ती परवानगी जोडलेली नसेल तर दस्त घेऊ नये, असा तो नियम होता.

'कोर्टाने गुंठ्याची खरेदी मोकळी केली' असा या निकालाचा अर्थ गावोगावी सांगितला गेला, आणि याच गैरसमजाने पुढे अनेकांचे नुकसान झाले. न्यायालयापुढचा प्रश्न होता नोंदणी अधिकाऱ्याच्या अधिकाराचा. १९०८ चा नोंदणी कायदा केंद्राचा आहे. त्यानुसार दस्त करून देणाऱ्यांची ओळख पटवायची, मुद्रांक शुल्क पाहायचे, दस्त रीतसर सादर झाला की नाही ते तपासायचे आणि त्याची नोंद घ्यायची, हे दुय्यम निबंधकाचे काम. व्यवहार वैध आहे का, विकणाऱ्याकडे मालकी आहे का, याचा निवाडा करण्यासाठी दिवाणी न्यायालये आहेत. राज्याला नियम करून किंवा परिपत्रक काढून निबंधकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवता येत नाही.

सरकारी दवाखान्यात खिडकीवर केस पेपर काढताना कारकून नाव, वय, गाव विचारतो आणि क्रमांक टाकून कागद हातात देतो. तेवढ्याने आजाराचे निदान होत नाही. निदान डॉक्टर करतात, आणि केस पेपर दाखवून रोग बरा झाला असे कोणी म्हणत नाही. खंडपीठाने सांगितले ते इतकेच की खिडकीवरच्या कारकुनाने निदान करून माणसाला परत पाठवू नये. तुकडेबंदी कायद्याची कलमे ७, ८ आणि ९ त्या निकालाने रद्द झाली नाहीत. ती जशीच्या तशी राहिली.

रजिस्ट्री झाली, तरी सातबारा का अडतो?

खरेदीखत नोंदले गेले की त्याची सूचना महसूल खात्याकडे जाते आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद धरतात. फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल करण्याची कार्यवाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात किंवा नामंजूर करतात. मंडळ अधिकारी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली काम करतात. त्यांच्यापुढे आलेला व्यवहार तुकडेबंदी कायद्याच्या विरुद्ध असेल, तर नोंद नामंजूर होते.

काही प्रकरणांत नाव चढते, पण भलत्याच जागी. सातबारा हातात घेऊन पाहिला, तर वरच्या भागात कब्जेदारांची, म्हणजे जमीन ज्यांच्या नावे आहे त्यांची नावे दिसतात आणि त्यांच्यापुढे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. उजव्या बाजूला 'इतर अधिकार' असा रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचे नाव अशा गोष्टी येतात. तुकडा घेणाऱ्याचे नाव पुष्कळदा या रकान्यात जाते आणि त्यापुढे 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार' असा शेरा लागतो. असा उतारा घेऊन बँकेत गेले की घरकर्ज मिळत नाही. वरच्या भागात मूळ शेतकऱ्याचेच नाव राहिल्याने उद्या त्याच्या वारसांनी तीच जमीन दुसऱ्याला दाखवली, तर भांडण उभे राहते. मराठवाड्यातल्या दिवाणी न्यायालयांत असे दावे नवे नाहीत.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, महसूल वसुलीसाठी ठेवलेला तो अभिलेख आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. तरीही व्यवहारात बँक, विमा कंपनी, पंचायत समिती, सगळे आधी सातबाराच मागतात. ज्याचे नाव त्यावर नाही त्याला 'हा पुरावा अंतिम नाही' असे सांगून काहीच दिलासा मिळत नाही.

ज्यांनी नोटरी करून किंवा शंभराच्या बाँडवर लिहून घेऊन जमीन घेतली, त्यांची स्थिती आणखी कच्ची आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीचा शिक्का सह्या कोणी केल्या ते सांगतो, मालकी देत नाही.

दहा जणांनी मिळून घेतले तर?

तुकडेबंदी टाळण्यासाठी दहा जण मिळून वीस गुंठ्यांचे एकच खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर दहा नावे सामाईकात चढतात आणि जागेवर खुंट्या रोवून प्रत्येक जण आपला भाग ठरवतो. कागदोपत्री हा व्यवहार तुकड्याचा होत नाही, म्हणून तो पार पडतो. परंतु सामाईक धारणेत 'माझा कोपरा' असे काही नसते, प्रत्येकाचा हिस्सा संपूर्ण जमिनीत असतो. एकाला विकायचे झाले, एकाचे निधन होऊन चार वारस लागले किंवा एकाने कर्ज थकवले, की बाकीचे नऊ जण त्यात ओढले जातात. रस्ता किती फुटांचा सोडायचा यावर तर हमखास वाद होतो. ज्या व्यवहाराची वाटणीच कायदा मान्य करत नाही, तो आयुष्यभराच्या घरासाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावाभावांच्या वाटणीचे काय?

वडिलोपार्जित जमिनीला वारस लागणे आणि तिची वाटणी होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वारसांची नावे सातबाऱ्यावर येण्याला तुकडेबंदीची आडकाठी नाही. अडचण येते ती हिस्से वेगळे करताना. समजा, ४० गुंठे कोरडवाहू जमीन आहे. दोन भाऊ असतील तर प्रत्येकी २० गुंठ्यांचे हिस्से पडतात. भाऊ तीन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सव्वातेरा गुंठे येतात आणि तिघांचेही तुकडे ठरतात. अशा वेळी ज्याच्या वाट्याला तुकडा येईल त्याला जमिनीऐवजी पैशाने मोबदला द्यावा, असे कायदा सुचवतो. कोरडवाहू पट्ट्यात एका भावाकडे दुसऱ्याला द्यायला रोख रक्कम असतेच कुठे? म्हणून जमीन सामाईक राहते, आणि पीककर्जासाठी किंवा अनुदानासाठी प्रत्येक वेळी सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. बहिणींचे हक्क कागदावरच राहण्यामागे हेही एक कारण आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी किंवा ग्रामीण घरकुलासाठी छोटा तुकडा हवा असेल, तर मार्च २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने तो घेता येतो.

अध्यादेशाने नेमके काय केले?

जुने व्यवहार नियमित करण्याची सोय याआधीही होती. २०१७ च्या दुरुस्तीने जमिनीच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून ते नियमित करता येत होते. ती रक्कम बहुतेकांना झेपली नाही. २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. २०२५ च्या अध्यादेशाने, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार कोणतेही अधिमूल्य न घेता नियमित करण्याचे ठरले. ज्यांनी आधी पोटाला चिमटा काढून पैसे भरले, त्यांना याची रुखरुख वाटणे स्वाभाविक आहे.

अध्यादेश सरसकट सगळ्या शेतजमिनींना लागू नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच गाळले जाते. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दी, विकास प्राधिकरणांची क्षेत्रे, प्रादेशिक योजनेत अकृषिक, म्हणजे शेतीव्यतिरिक्त वापरासाठी दाखवलेल्या जमिनी आणि गावठाणालगतचा भाग यांसाठी तो आहे. शहरापासून दूर, निव्वळ शेती विभागात पाडलेला प्लॉट त्यात बसेलच असे नाही.

ज्यांचे खरेदीखत नोंदलेले आहे आणि फेरफार नामंजूर झाला होता, त्यांची नोंद पुन्हा तपासून नाव लावता येते. ज्यांचे नाव 'इतर अधिकार' रकान्यात अडकले आहे, ते कब्जेदार सदरी येऊ शकते आणि तुकडेबंदीचा शेरा कमी होतो. ज्यांच्याकडे फक्त नोटरी किंवा बाँडपेपर आहे, त्यांना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क भरून आधी रीतसर दस्त नोंदवावा लागेल. त्यासाठी मूळ मालक किंवा त्याचे वारस सहीला यायला हवेत, आणि वीस वर्षांत जमिनीचा भाव कित्येक पटींनी वाढल्यावर ते सहज येतील असे गृहीत धरता येत नाही.

गुंठेवारी कायदा आहे ना?

गुंठेवारी कायदा वेगळा. तो २००१ चा आहे. विनापरवाना प्लॉटिंग होऊन उभ्या राहिलेल्या वसाहती आणि त्यांतली बांधकामे शुल्क आकारून नियमित करणे हे त्याचे काम. त्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांपुरती होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. त्यानंतर संभाजीनगर महापालिकेने वास्तुविशारदांमार्फत प्रस्ताव मागवून मोठ्या प्रमाणावर घरे नियमित करायला घेतली.

तुकडेबंदीतून सुटलेल्या माणसाच्या जमिनीचा व्यवहार वैध झाला, त्यावरचे घर आपोआप वैध झाले नाही. घरासाठी अकृषिक वापर आणि बांधकाम परवानगी हे विषय शिल्लक राहतातच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून 'सगळे कायदेशीर आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नमुना आठ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. बेकायदा बांधकामावरही कर आकारला जातो, म्हणून कर भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही.

मराठवाड्याच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निजाम काळातल्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामांच्या जमिनी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आहेत, शिवाय गायरान आणि वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी आहेत. मदतमाश जमीन उदरनिर्वाहासाठी, तर खिदमतमाश जमीन देवस्थान किंवा दर्गा-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली असते. अशा जमिनींचा प्रश्न तुकड्याचा नसून मुळात विकण्याच्या अधिकाराचा आहे, त्यामुळे तुकडेबंदीतल्या सवलतीने तो दोष धुऊन निघत नाही.

महापालिका-ग्रामपंचायतींच्या वाट्याला काय येते?

मंजूर ले-आउटमध्ये रस्त्यांची रुंदी ठरते, मोकळी जागा सुटते, नाला अडवला जात नाही. शेतात थेट तुकडे पाडताना यातले काही होत नाही. संभाजीनगरचा सातारा-देवळाई परिसर आधी ग्रामपंचायतींकडे होता, मग थोडा काळ नगर परिषदेकडे गेला आणि नंतर महापालिकेत आला. घरे झाल्यावर मागून रस्ते, मलवाहिन्या आणि पाणी नेताना काय होते, ते तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे टँकरच्या रांगेत सोसले आहे. नियमितीकरणाने सातबारा मिळेल, बारा फुटांची बोळ तीस फुटांची होणार नाही. अग्निशमनाची गाडी आत शिरेल एवढा रस्ता काढायचा, तर कोणाच्या तरी ओट्यावर किंवा भिंतीवर हातोडा पडणार, आणि तो निर्णय नगरसेवकाला शेजाऱ्यांच्या तोंडावर घ्यावा लागणार.

म्हणून गरिबाच्या घराच्या नावाखाली पुन्हा पुन्हा माफी देण्याऐवजी, लहान आणि परवडणाऱ्या प्लॉटचे ले-आउट लवकर मंजूर व्हावेत, असा आग्रह नागरिकांनी धरायला हवा. माफीने आधी फसलेल्याला हात मिळतो, हे मान्य. तीच माफी तुकडे पाडून विकणाऱ्याला 'पुढेही होईल नियमित' असे सांगायला बळ देते.

आता घ्यायचा असेल किंवा अडकला असाल तर

१५ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या व्यवहारांना ही सवलत नाही. आज प्लॉट घेताना मंजूर रेखांकनाची प्रत आणि लागत असेल तर अकृषिक आदेश मागावा, जमीन वर्ग १ ची आहे का ते सातबाऱ्यावर पाहावे आणि मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावरचा प्लॉटिंग प्रकल्प असेल, तर महारेराचा, म्हणजे स्थावर संपदा प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक विचारावा, कारण रेरा कायदा फक्त इमारतींना लागू आहे हा समज चुकीचा आहे.

ज्यांचा फेरफार नामंजूर झाला आहे, त्यांनी आधी आपली जमीन अध्यादेशातल्या क्षेत्रांत मोडते का, हे नगररचना कार्यालयाच्या झोन दाखल्यावरून (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा दाखला) पाहावे आणि मग नोंदणीकृत खरेदीखत, जुना फेरफार आणि चालू सातबारा जोडून तहसील कार्यालयात अर्ज द्यावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. मंडळ अधिकाऱ्याने नोंद पुन्हा नामंजूर केली, तर आदेशाची नक्कल घेऊन साठ दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तोंडी 'होत नाही' असे सांगून परत पाठवले, तर लेखी उत्तर मागावे, कारण लेखी आदेश हाती असेल तरच अपील करता येते.